उन्हाने सैल होणारा बर्फ: एप्रिल-मेमध्ये हिमालयात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मार्च सरत आला की ओळखीतल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. कोणी मे महिन्यात सर पासला निघालेलं असतं, कोणी केदारकांठ्याला, कोणी घरच्यांना घेऊन मनालीला. प्रश्न ठरलेले असतात: थंडी किती असेल, थर्मलचे किती जोड घेऊ, बूट कोणते? उन्हाबद्दल मात्र आजवर मला कोणी विचारलेलं नाही. आणि त्या दिवसांत बर्फाळ उतारावर सगळ्यात जास्त काळजी करायची ती उन्हाची, कारण उन्हाने सैल झालेला बर्फ हिमस्खलन होऊन खाली येतो.

आपला पिंड सह्याद्रीवर पोसलेला. पावसाळ्यात ढग फाकले, ऊन पडलं, की आपण म्हणतो, दिवस चांगला निघाला. हिमालयात दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी निळंशार आकाश उघडतं तेव्हाही मन हेच म्हणतं. तिथे तो दिवस तंबूत बसून काढायचा असतो. ही एक सवय मोडता आली तरी या लेखाचं काम झालं. बाकीचं सगळं ती मोडायची कशी, त्याबद्दल आहे.

बर्फाच्या आत काय चालतं

दरड कशी येते हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पाऊस दिवसेंदिवस मुरतो, माती जड होते, खालच्या कातळावर पाणी साचतं, मातीची पकड सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. माळीण आणि इर्शाळवाडी आपण विसरलेलो नाही. उबेमुळे होणारं हिमस्खलन याच जातीचं. फक्त पाणी वरून पडत नाही, बर्फातूनच सुटतं.

हिवाळाभर थरावर थर साचतात. कोरड्या थंडीत बर्फाचे कण एकमेकांना धरून असतात. ऊन वाढलं की वरचा थर वितळतो आणि ते पाणी खाली झिरपत जाऊन एकेक थर शून्य अंशावर आणून ठेवतं. वरपासून खालपर्यंत सगळाच बर्फ शून्यावर आला की कणांमधले सांधे विरघळू लागतात. झिरपणारं पाणी एखाद्या जुन्या कडक थरावर किंवा खालच्या गवताळ जमिनीवर अडतं, पसरतं, आणि त्याच्या वरचा बर्फ निसटायला मोकळा होतो.

अशा वेळी दोन गोष्टी होऊ शकतात. एखाद्या काळ्या खडकाशेजारी मूठभर बर्फ सुटतो आणि पंख्यासारखा पसरत, वाटेतला बर्फ गोळा करत खाली येतो. किंवा लादीच्या लादी एकदम सुटते. ओला बर्फ कोरड्या बर्फापेक्षा सावकाश येतो, पण फार जड असतो. खाली येऊन थांबलेल्या ओल्या ढिगाऱ्याचा एक घनमीटर साधारण अर्धा टन भरतो, म्हणजे साखरेची ५० किलोंची दहा पोती. आणि थांबल्याक्षणी तो घट्ट बसतो. त्यात अडकलेल्या माणसाला स्वतःचा हातही हलवता येत नाही.

हंगामातली पहिली मोठी ऊब सर्वांत वाईट. तोवर बर्फाच्या आत पाणी वाहून जायला वाटा तयार झालेल्या नसतात. पुढे दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं असं बरेच दिवस चाललं की बर्फ दाणेदार होतो, पाण्याला वाट मिळते, आणि पहाटेचा उतार बराच भरवशाचा होतो. म्हणून ‘मे महिना आहे, आता काय धोका’ आणि ‘एप्रिल म्हणजे धोकाच’ ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. महिन्यापेक्षा मागचे आठ-दहा दिवस कसे गेले ते विचारा.

एक समज इथेच काढून टाकतो. मोठ्याने बोलल्याने हिमस्खलन होत नाही. माणसाच्या आवाजात तेवढी ताकद नसते. उलट धोका दिसला तर जिवाच्या आकांताने ओरडा. कोरडी लादी बहुतेक वेळा माणसाच्या वजनाने सुटते. ओला बर्फ मात्र पुष्कळदा आपणहून येतो, खाली कोणी असो वा नसो. तिथे अंगातलं कौशल्य फारसं उपयोगी पडत नाही. तुम्ही कुठे आहात आणि घड्याळात किती वाजलेत, एवढंच कामी येतं.

निघण्याआधीचा आठवडा

चंडीगडची डीजीआरई ही डीआरडीओची प्रयोगशाळा जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड आणि सिक्कीमसाठी हिमस्खलनाचा अंदाज देते. जुनी मंडळी तिला अजून ‘सासे’ म्हणतात. जिल्ह्याचं नाव, कोणत्या उंचीच्या वर धोका आहे आणि तो किती, हे त्यात असतं. ‘मध्यम’ शब्द वाचून निर्धास्त होऊ नका. तो अख्ख्या जिल्ह्यासाठी आहे, तुमच्या वाटेवरच्या एका नाळेसाठी, म्हणजे उतारावरच्या अरुंद घळीसाठी, नाही.

सोबत हवामान खात्याचा अंदाज रोज बघा आणि वहीत चार गोष्टी लिहून ठेवा: शेवटचा बर्फ कधी आणि साधारण किती पडला, रात्रीचं किमान तापमान, रात्री ढग असणार का, आणि वर पाऊस पडण्याची शक्यता. साचलेल्या बर्फावर पाऊस पडणार असेल तर बाकीचं वाचायची गरज नाही, तो दिवस सोडून द्या.

तापमान बहुधा पायथ्याच्या गावाचं मिळतं. वरचं काढायला ढोबळ हिशेब पुरतो: दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश कमी. मनाली २,०५० मीटरवर आणि रोहतांग ३,९७८ मीटरवर. मनालीत पहाटे ९ अंश असतील तर रोहतांगला उणे साडेतीनच्या आसपास, म्हणजे बर्फ गोठायला वाव आहे. मनालीत १४ असतील तर वर शून्याच्या वरच. अशा दोन-तीन रात्री लागोपाठ गेल्या, तर मी वरच्या उतारांवर जाणार नाही.

ट्रेक नेणाऱ्या संस्थेला तीन प्रश्न विचारा. खिंडीच्या दिवशी किती वाजता निघता? मागे फिरायचं हे कोण ठरवतं, आणि शेवटचं असं कधी ठरवलं होतं? तुकडीसोबत बर्फ खणायची फावडी किती असतात? दुसऱ्या प्रश्नाला ‘आम्हाला कधी वेळच आली नाही’ असं उत्तर मिळालं, तर मी पैसे भरत नाही.

रात्र कशी गेली?

नवख्याने एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिकावी. दिवसा कितीही वितळलं तरी रात्री नीट गोठलं असेल, तर पहाटेचे काही तास उतार बांधलेला असतो. रात्री गोठलं नसेल तर आदल्या दुपारचा धोका तसाच्या तसा सकाळी समोर उभा असतो, त्यात नवं ऊन मिळणार असतं.

पहाटे दोन-तीनला तंबूबाहेर या आणि आधी वर बघा. चांदण्या लख्ख दिसत असतील तर बर्फ आपली उष्णता आकाशाला देऊन टाकतो आणि हवेपेक्षाही गार होतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ हिवाळ्यात दव गोठल्याचे फोटो दर वर्षी छापून येतात. त्या पहाटे हवा काही शून्याला पोचलेली नसते. निरभ्र आकाशाखाली गवताची पाती आणि गाड्यांचे टप हवेच्याही खाली थंड होतात, म्हणून ते घडतं. इथेही तेच. रात्रभर ढगांचं पांघरूण असेल, तर मात्र हवा शून्याजवळ असूनही बर्फ मऊच राहतो. ढगाळ, उबदार, वारा नसलेली रात्र तंबूत फार सुखाची जाते. तशीच रात्र सकाळी घात करते.

मग पायवाट सोडून न तुडवलेल्या बर्फावर जा आणि एका पायावर सगळं वजन टाका. बुटाची नुसती खूण उमटली तर छान गोठलंय. वरचं कवच कुरकुरत मोडलं आणि पाय घोट्यापर्यंत ओल्या दाण्यांत गेला, तर गोठणं वरवरचं आहे, हाताशी वेळ फार थोडा आहे. पोटरीपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत गेला, तर आज खिंड नाही. काठीनेही टोचून बघा: कवच किती जाड आहे आणि खाली काठी लोण्यात गेल्यासारखी जातेय का? शेवटी मूठभर बर्फ घेऊन दाबा. गोळाच होत नसेल तर कोरडा, गोळा झाला तर ओलसर, बोटांमधून पाणी निथळलं तर भिजलेला.

ही परीक्षा गाइड करतच असतो, पण तुम्हीही करा. त्याच्याशी वाद घालायला नव्हे, तर तो ‘आज नाही’ म्हणेल तेव्हा का म्हणतोय ते कळावं म्हणून.

एका गोष्टीला मात्र पहाटेचं गणित लागू नाही: ताज्या बर्फाचा भार. २८ फेब्रुवारी २०२५ला बद्रीनाथजवळच्या माणा गावापाशी सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या तळावर बर्फ आला तो पहाटेच. ५४ जण त्याखाली अडकले, त्यांतले ८ गेले. आधी जोरदार बर्फ आणि पाऊस चालू होता. मोठ्या बर्फवृष्टीनंतर निदान दोन दिवस, आणि त्यानंतर पहिलं कडक ऊन पडेल तोही दिवस, तीव्र उतारांखाली कोणत्याच वेळी जायचं नाही.

उतार वाचताना

बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फार साचत नाही, त्याहून सपाट जागी सहसा सुटत नाही. डोळ्यांचा अंदाज इथे दगा देतो. फोनमध्ये कोन मोजणारं ॲप घ्या, किंवा ट्रेकिंगच्या सारख्या लांबीच्या दोन काठ्या वापरा. एक काठी उभी धरा. दुसरी तिला टेकवून आडवी, सपाट, चढाच्या बाजूला अशी धरा की टोक बर्फाला लागेल. आडवी काठी उभीच्या अगदी माथ्याला टेकली तर उतार ४५ अंश. मध्याच्या थोडी वर टेकली तर ३०. अर्थात हे मोजायचं सुरक्षित कडेला, छोट्याशा तशाच उतारावर, संशय असलेल्या उताराच्या मध्यात जाऊन नव्हे.

पण तुम्ही सपाटीवर असणं पुरेसं नाही. मान वर करून बघा: तुमच्या डोक्यावर काय आहे? नाळेच्या तोंडाशी उभं राहणं म्हणजे बंदुकीच्या नळीसमोर उभं राहणं. धारेवरून वाऱ्याने बाहेर काढलेला बर्फाचा सज्जा लटकत असेल तर तो दुपारी कधीही तुटू शकतो, आणि पडताना खालचा उतारही सोबत घेऊन येतो. त्याच धारेवरून चालत असाल तर कडेला डोकावू नका. पायाखाली कातळ कुठे संपला आणि सज्जा कुठे सुरू झाला ते वरून कळत नाही.

उताराचं तोंड कोणत्या दिशेला, ते होकायंत्राने बघा. पूर्वेकडचा उतार सूर्य उगवल्याबरोबर तापायला लागतो, मग दक्षिणेचा, दुपारी पश्चिमेचा. उत्तरेचा सर्वांत शेवटी, आणि म्हणूनच तिथला बर्फ मे महिन्यातही पहिली ऊब बघत असू शकतो. दिवसाची वाट याच क्रमाने आखा.

झाडंही बोलतात. देवदारांच्या दाट रानात वरून खाली सरळ मोकळा पट्टा दिसला, किंवा भूर्जाची झाडं एकाच दिशेने वाकलेली, वरच्या अंगाच्या फांद्या मोडलेली दिसली, तर तो बर्फाचा नेहमीचा रस्ता आहे. तिथे तंबू लावायचा नाही, जेवायला बसायचं नाही, मागच्यांची वाट बघायची नाही.

चालताना

मोठ्या बर्फाळ उताराच्या दिवशी अंधारातच निघायचं. सर पासच्या वाटेवर नगारूच्या तळावरून पहाटे तीनच्या सुमारास उठवतात तेव्हा अनेकजण वैतागतात. साधारण ४,२०० मीटरवरची ती खिंड आणि तिच्या दोन्ही अंगांचे उतार ऊन लागायच्या आत मागे पडावेत, यासाठी ती कसरत असते. ‘धूप लगने से पहले निकलो’ असं तिथला गाइड म्हणतो, त्यात सगळं आलं.

पहाटेचा बर्फ कडक, म्हणजे घसरण्याची भीती जास्त. त्यासाठी मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांखाली चढवायचे छोटे काटे, घ्या, आणि बुटाच्या टोकाने पायरी खणून पाय रोवायची सवय आदल्या दुपारी तळाजवळच्या लहान उतारावर करा. कडक बर्फावर सावकाश, सांभाळून चालणं मऊ बर्फावर घाईने चालण्यापेक्षा केव्हाही बरं.

संशयाचा पट्टा ओलांडायचा झाला तर एकेकाने. एकजण चालतो, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतात. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, बर्फ आला तर काठी हात धरून ठेवते. मध्ये थांबून फोटो नाही, मागे वळून हाका नाही. पलीकडे गेलेल्याने वाटेच्या तोंडाशी न थांबता बाजूच्या उंचवट्यावर जावं.

मागे फिरायची वेळ आदल्या संध्याकाळी ठरवा आणि सगळ्यांसमोर बोलून ठेवा. सकाळी नऊपर्यंत धारेवर पोचलो नाही तर परत, असं काहीतरी. वर गेल्यावर माथा समोर दिसत असताना ठरवायला बसलं की मन पाहिजे ते उत्तर काढतं. मी स्वतः हे अनुभवलंय, आणि अर्धा तास जास्त घेतलाय. त्या दिवशी काही झालं नाही, पण ते आमच्या शहाणपणामुळे नव्हे.

घसरगुंडीचा मोह सगळ्यांना होतो. गाइड जिथे करतो तिथेच करा, एकेकाने, स्पाइक्स काढून, खाली खडक किंवा ओढा नाही हे बघून. उशीर होऊन बर्फ खिचडीसारखा झाला असेल तर करूच नका. त्या वेळी तुमच्यासोबत उताराचा वरचा थरही निघतो.

या खुणा दिसल्या की मागे फिरा

सगळ्यात आधी खडकांच्या खालच्या बाजूने बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडू लागतात, चाकासारखे गुंडाळत जातात आणि मागे बारीक रेघ सोडतात. पहिले दोन-चार दिसले की उताराने निरोप दिला असं समजा. शेजारच्या त्याच दिशेच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसणं हा सर्वांत स्पष्ट इशारा, त्यावर चर्चा नको. सकाळी बूट बुडत नव्हता आणि आता पोटरीपर्यंत जातोय, बर्फाखालून पाण्याची खळखळ येतेय, उतारावर आडवी कमानदार भेग उघडलीय, चालताना पायाखाली ‘धुप्प’ असा आवाज होऊन बर्फ किंचित खचतोय: यातलं एकही पुरेसं आहे. पातळ ढगांतून येणारं, डोळे दिपवणारं, घुसमटवणारं ऊनही वाईट. उष्णता आत शिरते आणि बाहेर पडत नाही.

एका मे महिन्यात पार्वतीच्या खोऱ्यात आम्ही एका उताराच्या पायथ्यावरून सकाळी सहाला गेलो होतो. अकराच्या सुमारास समोरच्या तळावर चहा घेत असताना खडीचा डंपर रिकामा केल्यासारखा आवाज आला, फक्त तो थांबेना. धूळ नाही, धुरळा नाही, राखाडी रगडा सावकाश, सिमेंट ओतल्यासारखा खाली सरकत आला आणि आमच्या पावलांच्या ठशांवर जाऊन थांबला. चहा कोणी संपवला नाही.

कोणी गाडलं गेलं तर

गाडलेला माणूस मुख्यतः गुदमरून जातो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर जगण्याची शक्यता चांगली असते, अर्ध्या तासानंतर ती फार घटते. म्हणजे वाचवणारे तुम्हीच, बाहेरून येणारी मदत तेवढ्यात पोचत नाही. बीकन (गाडलेल्याची जागा सांगणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब काठी) आणि फावडं या तीन वस्तू प्रत्येकाकडे असणं हा खरा उपाय, आणि गुलमर्गला स्की करणाऱ्यांनी त्याशिवाय निघूच नये. आपल्याकडच्या बहुतेक ट्रेकमध्ये बीकन नसतो, म्हणून त्याविना काय करायचं ते सांगतो.

माणूस शेवटचा दिसला ती जागा डोळ्यात धरा आणि तिथे काठी रोवा. वरून आणखी बर्फ येणार नाही ना, हे बघायला एकाला उभं करा. बाकीच्यांनी त्या जागेच्या खालचा भाग झरझर पालथा घाला: हातमोजा, पट्टा, बूट, काहीही वर दिसतंय का? ढिगारा जिथे साचलाय तिथे, वळणांवर, खडकांच्या वरच्या बाजूला काठ्यांनी टोचून बघा. सापडला की आधी तोंड-नाक मोकळं करा, छातीवरचा भार काढा. श्वास नसेल तर कृत्रिम श्वासासह सीपीआर लगेच सुरू करा. श्वास असेल तर ओले कपडे काढून झाका, वाऱ्यापासून आडोसा द्या, हातपाय चोळू नका. पूर्ण शुद्धीवर असेल तरच गोड, कोमट पेय. नेटवर्क असेल तर एकाने ११२ लावावा, पण शोधणारे हात त्यासाठी कमी करू नका.

स्वतः सापडलात तर ओरडा, बाजूला पळायचा प्रयत्न करा, वर राहण्यासाठी हातपाय मारा. वेग कमी होतोय असं वाटताच दोन्ही हात तोंडासमोर आणा. बर्फ बसल्यावर तेवढीच पोकळी श्वासाला उरते.

गाडीने जाणारे आणि यात्रेकरू

हे सगळं ट्रेकवाल्यांपुरतं आहे असं समजू नका. ४ एप्रिल २०२३ला सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंधराव्या मैलापाशी, दुपारच्या सुमारास बर्फ कोसळून ७ पर्यटक गेले. त्यांच्याकडे दोर नव्हते, कुठली चढाई नव्हती. बर्फात खेळायला आलेली माणसं होती. जिथपर्यंत परवाना तिथपर्यंतच जा, आणि चालक ‘इथे थांबत नाही’ म्हणाला तर त्याला जास्तीचे पैसे देऊन थांबवू नका.

केदारनाथची कवाडं एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला उघडतात. तेव्हा लिंचोलीच्या वरची वाट काही ठिकाणी बर्फ कापून काढलेली असते, आणि भैरव आणि कुबेर या नावांनी ओळखले जाणारे बर्फाचे नाले ती ओलांडतात. २०२३च्या मे महिन्याच्या सुरुवातीला तिथे वरून बर्फ येऊन वाट बंद झाली, यात्रा थांबवावी लागली. घरातल्या ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर हे नाले सकाळी लवकर पार होतील अशा बेताने आदला मुक्काम ठरवा. घोडा असो वा पालखी, नाल्याच्या पट्ट्यात थांबायचं नाही. दम लागला तर अलीकडेच बसा, पाणी प्या, मग एका दमात पलीकडे. बर्फाच्या भिंतीला टेकून फोटो काढण्याची तिथे रांग लागते. तुम्ही पुढे चला. जवानांनी शिटी वाजवून वाट अडवली तर कितीही तास लागोत, तिथेच थांबा आणि तोवर आई-वडिलांच्या पायातले ओले मोजे बदलून घ्या.